टॉवेलची गाठ

घरातल्या घरात खून झाला, की यवतमाळ जिल्ह्यातल्या झरी जामणी तालुक्यात ठाणेदाराची पहिली धावपळ आरोपीसाठी होत नाही. आरोपी बहुधा तिथंच ओसरीवर डोकं धरून बसलेला असतो, नाहीतर आपल्या पायांनी ठाण्यात आलेला असतो. धावपळ होते ती पंचांसाठी. कायद्याला दोन माणसं लागतात. त्याच वस्तीतली, स्वतंत्र आणि प्रतिष्ठित. आणि नेमकी तेवढ्यात सगळी वस्ती वावरात गेलेली असते. पोलीस पाटील दारं ठोठावत फिरतो. कोणाची वेचणी चालू असते, कोणाला तातडीनं वणीला जायचं असतं, कोणाची आरोपीच्या घराशी सोयरीक निघते. एरवी गावातल्या प्रत्येक भानगडीवर ज्यांचं मत तयार असतं, ती माणसं त्या दिवशी मुकी होतात.

कारण सगळ्यांना ठाऊक आहे. आज सही केली, की काही वर्षांनी समन्स येणार. गुन्हा मुकुटबनला नोंदवलेला असो की पाटणला, खुनाचा खटला सत्र न्यायालयात चालणार, म्हणजे केळापूरला, पांढरकवड्याला जावं लागणार. दिवसाची मजुरी बुडणार. उलटतपासात वकील विचारणार, की विळा भिंतीपासून किती फुटांवर होता, आणि सही आधी केली की कागद आधी लिहिला. बाहेर आरोपीचे भाऊ उभे असणार. मग माणूस पिंजऱ्यात उभा राहून सांगतो, की सही माझी आहे, पण कागद मी वाचला नव्हता. याला पंच फितूर होणं म्हणतात. निकालपत्रांत हा शब्द इतका येतो, की त्यामागची भीती आता कोणाला दिसत नाही.

आणि पंचाचं काम तरी काय? जे दिसलं तेवढंच सांगायचं. प्रेत कुठल्या कुशीवर होतं, रक्त कुठवर गेलं होतं, चूल पेटलेली होती की विझलेली, दाराची कडी आतून होती की बाहेरून. कोणी मारलं, का मारलं, हे पंचनाम्यात पंचानं ठरवायचं नसतं. तर्क करायची मुभा नसलेला हा माणूस आपल्या फौजदारी व्यवस्थेतला सर्वांत जुना हौशी साक्षीदार. त्याला पगार नाही, शिक्षण नाही, गणवेश नाही. आहे ती फक्त सही, आणि त्या सहीखाली खरं नाव आणि राहणार अमुक गाव.

याच तालुक्यात रात्री जेवणं झाल्यावर मोबाइलवर दुसराच तपास चालू असतो. घुमणाऱ्या आवाजात कोणीतरी सांगत असतो, की आलिशान जहाज, आठवा मजला, बंद केबिन, नवरा आणि बायको, आणि मग तो आवाज. मध्येच थांबून विचारतो, तुम्हाला काय वाटतं? आणि पंच व्हायला सकाळी कोणी मिळत नव्हतं, तिथं या प्रश्नाला उत्तरं देणारे रात्री हजारांनी असतात. इथून मुंबईचा समुद्र रस्त्यानं साडेसातशे किलोमीटरच्या पलीकडे. जवळचं मोठं पाणी म्हणजे पैनगंगा, पलीकडे तेलंगण. तरीही जहाजावरचा खून इथं सगळ्यांना आपलासा वाटतो, आणि त्याला कारण आहे. बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार आणि काळापहाडवर ज्या भाषेच्या दोन-तीन पिढ्या वाढल्या, त्या भाषेच्या वाचकाला बंद जागेतला खून म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. जहाज ही तर सर्वांत बंद जागा. माणसं मोजलेली, कॅमेरे जागोजागी, पळायला पाणी.

या प्रकारातला सर्वांत गाजलेला घरगुती खून २५ जुलै २०१७ चा. ‘एमराल्ड प्रिन्सेस’ हे जहाज सिअ‍ॅटलहून अलास्काच्या फेरीवर निघालेलं होतं. एका कुटुंबातली बरीच माणसं सोबत आलेली. केबिनमध्ये नवऱ्यानं बायकोला मारून मारून जिवे मारलं. मुलंही शेजारीच होती. भांडण घटस्फोटावरून होतं. तेव्हाच्या बातम्यांत एक विलक्षण तपशील आला होता. त्या संध्याकाळी जहाजावर प्रवाशांच्या करमणुकीसाठी ‘खुनाचं रहस्य सोडवा’ असा खेळ होता, आणि धावपळ सुरू झाली तेव्हा काहींना ती त्या खेळाचाच भाग वाटली. जहाजाचा मार्ग बदलून ते जूनोला नेण्यात आलं, एफबीआयचे लोक वर चढले, प्रवाशांना तासन् तास उतरू दिलं नाही. नवऱ्यानं २०२० साली गुन्हा कबूल केला, २०२१ च्या जूनमध्ये त्याला तीस वर्षांची शिक्षा झाली, आणि पुढच्याच महिन्यात तो तुरुंगात मेलेला आढळला.

या प्रकरणात शोधण्यासारखं काय होतं? काहीच नाही. कोणी, कुठं, कशानं, हे पहिल्या तासातच स्पष्ट होतं. तरी चर्चा वर्षानुवर्षं चालली, आणि ती एका वाक्याभोवती. ती माझ्यावर हसत होती, हसायची थांबतच नव्हती, असं तो खून झाल्यावर म्हणाल्याचं तपासाच्या कागदांत आलं. झालं. ती का हसली असेल, कशी हसली असेल, याचे अंदाज सुरू झाले. मेलेल्या बाईचं हसणं हाच पुरावा ठरला. घरातल्या खुनात हौशी गुप्तहेराला ‘कोण’ हा प्रश्न उरत नाही, म्हणून तो ‘का’ कडे वळतो, आणि ‘का’ चं उत्तर शोधताना त्याची बोटं न चुकता मेलेल्या माणसाच्या चारित्र्याकडे जातात. हे मोबाइलनं शिकवलेलं नाही. मुंबईनं हे १९५९ साली, एकही मोबाइल नसताना, करून दाखवलं होतं.

तेही प्रकरण एका जहाजापासूनच सुरू झालं. प्रवासी जहाज नव्हे, युद्धनौका. कमांडर कावस माणेकशा नानावटी हे ‘आयएनएस म्हैसूर’वरचे दुसऱ्या क्रमांकाचे अधिकारी. १८ एप्रिलला बोट मुंबईला परतली, २७ एप्रिलला दुपारी बायकोनं, सिल्व्हियानं, आपलं प्रेम अहुजा यांच्याशी नातं असल्याचं सांगितलं. अहुजा मोटारींचे व्यापारी, घरोब्यातले. नानावटींनी बायकोला आणि मुलांना मेट्रो सिनेमाला सोडलं. मग ते बोटीवर गेले. रात्री एकट्यानं गाडी चालवत अहमदनगरला जायचंय, असं सांगून त्यांनी बोटीच्या शस्त्रसाठ्यातून रिव्हॉल्व्हर आणि सहा गोळ्या घेतल्या. ते सगळं एका तपकिरी पाकिटात घातलं. आधी अहुजांच्या कचेरीत गेले, तिथं ते भेटले नाहीत, मग सेटलवाड लेनमधल्या त्यांच्या घरी. चार वाजून वीस मिनिटांच्या सुमारास तीन गोळ्या सुटल्या. अहुजा नुकतेच आंघोळ करून आले होते, कमरेला टॉवेल होता.

खाली उतरल्यावर रखवालदारानं हटकलं, तेव्हा नानावटींनी त्याला सांगितलं, की याचे माझ्या बायकोशी संबंध होते म्हणून मी त्याला मारलं. मग ते पोलीस उपायुक्त जॉन लोबो यांच्याकडे जाऊन हजर झाले. म्हणजे इथंही ‘कोण’ हा प्रश्न नव्हताच. कोर्टापुढे प्रश्न वेगळा होता. बचाव पक्षाचे कार्ल खंडालावाला यांचं म्हणणं असं, की नानावटींनी विचारलं, तू सिल्व्हियाशी लग्न करून मुलांना सांभाळशील का. अहुजांनी उद्धट उत्तर दिलं, पाकिटाकडे झेपावले, झटापट झाली आणि गोळ्या सुटल्या. म्हणजे अपघात.

या अपघाताच्या गोष्टीसमोर एक टॉवेल उभा राहिला. दोन धडधाकट माणसांत रिव्हॉल्व्हरसाठी झटापट होते, तीन गोळ्या लागतात, एक माणूस कोसळतो, आणि कमरेला नुसता खोचलेला टॉवेल जागचा हलत नाही? सर्वोच्च न्यायालयाच्या निकालातही हा टॉवेल आहे. मला वाटतं, भारतातल्या फौजदारी इतिहासात इतकं साधं आणि इतकं बोलकं वस्त्र दुसरं नसेल. आणि तो टॉवेल कोणाच्या तर्कातून आलेला नव्हता. प्रेत जसं दिसलं तसं कोणीतरी लिहून ठेवलं, म्हणून तो कोर्टापर्यंत पोचला.

पण मुंबईला टॉवेलमध्ये रस होता तो निराळ्या अर्थानं. रूसी करंजियांच्या ‘ब्लिट्झ’नं नानावटींची बाजू उचलून धरली. देखणा, पांढऱ्या गणवेशातला, देशाच्या रक्षणासाठी समुद्रावर असलेला नवरा. आणि त्याच्या पाठीमागे त्याच्या घरात शिरलेला पैसेवाला रंगेल माणूस. पंचवीस पैशांचा अंक दोन रुपयांना विकला गेल्याचं सांगतात. रस्त्यावर ‘अहुजा टॉवेल’ आणि खेळण्यातली ‘नानावटी रिव्हॉल्व्हरं’ विकणारे होते, हेही त्या काळच्या आठवणींत येतं. खटला सुरू असताना शहरात प्रत्येक ट्रॅममध्ये एक न्यायाधीश बसलेला होता. मेलेला माणूस बाजू मांडू शकत नव्हता, आणि त्याच्या बहिणीचं, मॅमीचं, ऐकायला फारसं कोणी थांबलं नाही.

ज्यूरी नऊ जणांची होती. २१ ऑक्टोबर १९५९ ला आठ विरुद्ध एक मतांनी तिनं नानावटींना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीश आर. बी. मेहता यांना हा निकाल कोणत्याही समंजस माणसाला पटणारा वाटला नाही, त्यांनी तो मानला नाही आणि प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथं सरकारची बाजू मांडायला उभे राहिले यशवंत विष्णू चंद्रचूड, पुढे देशाचे सरन्यायाधीश झालेले. उच्च न्यायालयाला असंही दिसलं, की ज्यूरीला कायदा समजावून सांगतानाच चुका झाल्या होत्या. अपघात होता हे सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर असते, हेच तिला नीट सांगितलं गेलं नव्हतं. ११ मार्च १९६० ला जन्मठेप झाली. त्याच दिवशी मुंबई राज्याचे राज्यपाल श्रीप्रकाश यांनी ती शिक्षा स्थगित केली, आणि नानावटी तुरुंगाऐवजी नौदलाच्या ताब्यात राहिले. महाराष्ट्र राज्य व्हायला तेव्हा दोन महिनेही उरले नव्हते. नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं जन्मठेप कायम केली. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी वेळ मोजली. घरातून निघाले दीडच्या सुमारास, गोळ्या झाडल्या चार वीसला. मध्ये मुलांना सिनेमाला सोडणं, बोट, खोटं कारण, कचेरी. सुमारे तीन तासांनी झालेल्या कृत्याला ‘अचानक उसळलेला राग’ म्हणता येत नाही. हा निकाल आजही कायद्याच्या वर्गात शिकवला जातो, आणि बायकोवरच्या संशयातून झालेल्या खुनाच्या खटल्यांत सरकारी वकील तो आजही काढतात.

नानावटी १९६४ साली, विजयालक्ष्मी पंडित राज्यपाल असताना, माफी मिळून सुटले. १९६८ मध्ये कुटुंबासह कॅनडाला गेले. ‘ये रास्ते हैं प्यार के’, ‘अचानक’, ‘रुस्तम’ असे चित्रपट निघत राहिले, आणि त्यांत अहुजा दर खेपेला थोडा अधिक वाईट होत गेला. हा भारतातला शेवटचा ज्यूरी खटला, हे जे सर्रास सांगितलं जातं, ते मात्र खरं नाही. ज्यूरी त्यानंतरही काही ठिकाणी चालू होती. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तिला जागा उरली नाही. एवढं खरं, की या खटल्यानं तिच्यावरचा विश्वास उडवला.

माझं म्हणणं ज्यूरीच्या बाजूनं थोडं आहे. त्या आठ जणांनी चूक केली असेल, पण ते शपथ घेऊन बसले होते. रोज हजर राहिले, दोन्ही बाजू ऐकल्या, आणि त्यांचा निकाल कोण्या न्यायाधीशाला तपासता आला, मोडता आला. शेवटी त्यांना चूक ठरवणारं कोणीतरी वर होतं. पंचाचंही तसंच. तो फितूर झाला तर त्याला सरकारी वकील उलटा तपासतो. मोबाइलवरच्या तपासनीसाला यातलं काहीच लागू नाही. त्याला समन्स येत नाही.

२०१३ साली बॉस्टनच्या मॅरेथॉनमधल्या स्फोटांनंतर हे जगानं पाहिलं. हजारो हौशी लोक छायाचित्रांतले चेहरे जुळवत बसले आणि त्यांनी आरोपी म्हणून एक भारतीय वंशाचा विद्यार्थी ठरवला. तो मुलगा स्फोटांच्या आधीपासून बेपत्ता होता. घरचे त्याला शोधत होते, आणि त्यांनी शोधासाठी दिलेलाच फोटो लोकांनी वापरला. काही दिवसांनी त्याचं प्रेत नदीत सापडलं. स्फोटांशी त्याचा काही संबंध नव्हता. आपल्याकडे सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर, २०२० च्या जूनपासून, अर्धा देश वांद्र्याच्या फ्लॅटचा नकाशा हातात घेऊन बसला होता. एम्सच्या डॉक्टरांनी ऑक्टोबरमध्येच खुनाची शक्यता नाकारली, सीबीआयनं २०२५ च्या मार्चमध्ये प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. मधल्या काळात त्याच्या मैत्रिणीवर जे गेलं, त्याचा पंचनामा कोणी केला नाही.

तरीही या लोकांना सरसकट मोडीत काढता येत नाही. २००४ च्या ऑगस्टमध्ये अलास्काच्याच फेरीवरच्या एका जहाजावरून मेरियन कार्व्हर ही बाई नाहीशी झाली. खोली साफ करणाऱ्या कर्मचाऱ्यानं वरिष्ठांना सांगितलं होतं, की ही बाई खोलीत झोपायला येत नाही. त्याला आपलं काम कर म्हणून सांगण्यात आलं. फेरी संपली, पोलिसांना कोणी कळवलं नाही. तिचे वडील केंडल कार्व्हर, विमा कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ, यांनी खासगी गुप्तहेर लावले, वकील लावले आणि एकेक धागा काढला. मुलगी मिळाली नाही. पण त्यांनी इतर कुटुंबांना जोडून संघटना उभी केली, आणि २०१० साली अमेरिकेत जहाजांच्या सुरक्षेचा कायदा झाला. कठडे किमान ४२ इंच उंच, केबिनच्या दाराला आतून बाहेर बघण्याचं भिंग, गुन्हा घडला की कळवण्याची सक्ती. हा माणूसही हौशीच. फरक इतकाच, की तो स्वतःच्या नावानं लढला.

जहाजावर पंच तरी कोण होणार, हाही प्रश्न आहे. किनाऱ्यापासून बारा सागरी मैलांच्या आत गुन्हा झाला तर त्या देशाचा कायदा. त्यापलीकडे खुल्या समुद्रात, ज्या देशाचा झेंडा जहाजावर असेल त्याचा. ‘एमराल्ड प्रिन्सेस’ची नोंदणी बर्म्युडाची, पण जहाज अमेरिकेच्या पाण्यात होतं म्हणून एफबीआय आली. भारतीय नागरिकानं जगात कुठंही गुन्हा केला तर आपला कायदा त्याच्यापर्यंत पोचतो, पण खटला चालवायला केंद्र सरकारची मंजुरी लागते. मुंबईत समुद्रातल्या गुन्ह्यांचे कागद येऊन पडतात ते यलोगेट पोलीस ठाण्यात. नौदलानं २०११ साली पकडलेले सोमाली चाचेही तिथंच आणले गेले होते.

आमच्या भागात जगभरचे हौशी तपासनीस एकदाच आले, तेही एका वाघिणीसाठी. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री आमच्याच जिल्ह्यातल्या राळेगाव तालुक्यात बोराटीला ‘टी-१’ म्हणजे ‘अवनी’ला गोळी घातली. तेरा माणसांच्या मृत्यूचा आरोप तिच्यावर होता. तिच्या मांडीतलं बेशुद्धीचं इंजेक्शन आधी लागलं की मेल्यावर टोचलं, गोळी कुठल्या बाजूनं शिरली, यावर लंडनपासून बेंगळुरूपर्यंत लोकांनी शवविच्छेदनाचा अहवाल ओळ न ओळ वाचला. त्यातले काही प्रश्न रास्त होते, सरकारी चौकशीतही आले. मला खटकतं ते एवढंच, की त्या तेरा माणसांची नावं त्या वाचकांपैकी कितीजणांना सांगता आली असती.

अमेरिकेतही २०२१ मध्ये असंच झालं. व्हॅनमधून देश बघायला निघालेली बावीस वर्षांची तरुणी बेपत्ता झाली. एका हौशी प्रवासी जोडप्यानं आपल्या चित्रीकरणात तिची व्हॅन ओळखली, त्याची तपासाला मदत झाली, वायोमिंगच्या जंगलात प्रेत सापडलं. होणाऱ्या नवऱ्यानं मारलं होतं. त्याच वायोमिंग राज्यात २०११ ते २०२० या काळात तिथल्या मूलनिवासी समाजातली ७१० माणसं बेपत्ता झाल्याची नोंद आहे. त्यांच्या व्हॅन कोणी शोधल्या नाहीत.

झरी जामणीचं नाव राज्याच्या वर्तमानपत्रांत गेली अनेक वर्षं मुख्यतः दोन गोष्टींसाठी येतं. एक शेतकऱ्यांच्या आत्महत्या, आणि दुसरं कोलाम, गोंड मुलींना फसवून सोडून दिल्याची, ‘कुमारी माता’ म्हणून ज्याच्या बातम्या होतात ती प्रकरणं. त्या प्रकरणांतही ‘कोण’ हे पोडावर, म्हणजे कोलामांच्या वस्तीवर, सगळ्यांना माहीत असतं. ते कागदावर यायला तक्रार लागते, डीएनए चाचणी लागते, आणि तारखेला जायला भाडं लागतं.

आणि खरंखुरं कोडं हवं असेल, तर तेही इथं आहे. कापसाच्या मुलखात प्रत्येक घरात कीटकनाशकाची बाटली असते. २०१७ च्या हंगामात फवारणी करतानाच यवतमाळ जिल्ह्यात वीसच्या वर माणसं विषबाधेनं गेली. त्याच बाटलीनं घरातली सून मरते तेव्हा पहिली नोंद आकस्मिक मृत्यूची होते. ती प्यायली, की तिला पाजलं? बाटलीचं झाकण कुठं होतं, अंगावर किती सांडलं, हातातल्या बांगड्या शाबूत होत्या की फुटलेल्या, दवाखान्यात कोणी आणलं आणि किती वेळानं? व्हिसेरा नागपूर किंवा अमरावतीच्या प्रयोगशाळेत जातो. तो अहवाल विष कोणतं ते सांगतो, हात कोणाचा ते सांगत नाही. ते त्या झाकणावरून, बांगड्यांवरून आणि दोन सह्यांवरून ठरवावं लागतं. नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्यानं झडती आणि जप्तीचं चित्रीकरण सक्तीचं केलंय, मोठ्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञांनी जागेवर येणंही. पंचाला त्यामुळे थोडा आधार मिळेल असं वाटतं. निदान कागद वाचला नव्हता असं म्हणणं अवघड होईल.

लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई संशयास्पद रीतीनं मेली, तर मृत्यूची चौकशी नुसत्या पोलिसांवर सोडत नाहीत, कार्यकारी दंडाधिकारी म्हणून तहसीलदार किंवा नायब तहसीलदार येतो. हुंड्यासाठी छळ झाल्याचं दिसलं तर कायदा सासरच्यांविरुद्ध गृहीत धरून चालतो, निर्दोष असल्याचं त्यांनी दाखवायचं. म्हणून अशा प्रेताशेजारी पहिला प्रश्न विचारतात तो लग्नाच्या तारखेचा. पोडावर लग्नपत्रिका नसते, नोंदणीही बहुधा झालेली नसते. तेव्हा कोणत्या सालच्या दुष्काळानंतर लग्न झालं, पहिलं मूल त्या वेळी रांगत होतं का, असं विचारत विचारत तारीख काढावी लागते. सात वर्षांवर एक महिना निघाला, तर ते गृहीतक लागत नाही.